मोटरहोमच्या मागं कुठली गाडी जोडायची? आधी मॅन्युअल बघा, मग मॉडेल

कोल्हापूरच्या उद्यमनगरात शॉप असल्यामुळं नात्यातल्या पोरांना वाटतंय की गाडीतलं सगळं मला कळतं, त्यामुळं पुण्याची असोत नाहीतर टेक्सासची, फोन मलाच. हल्ली तिकडच्या, म्हणजे अमेरिकेतल्या पोरांचा एक प्रश्न सारखा येतोय. मोटरहोम घेतलीय, आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार आहेत, सगळ्यांना घेऊन फिरायचंय, तर मागं ओढायला कार कुठली घेऊ? प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोटरहोम म्हणजे आत किचन, बेड, संडास-बाथरूम असलेली बस. एकदा कँपग्राउंडवर लावली, पाण्याचा पाइप आणि लाइट जोडली की मग अर्धा लिटर दूध आणायला ती बस बाहेर काढायची म्हणजे सगळा संसार गुंडाळून निघायचं, म्हणून लोक मागं एक छोटी कार ओढत नेतात. ओढायचे प्रकार तीन. चारही चाकं रस्त्यावर ठेवून टो-बारनं, म्हणजे दोन गाड्या जोडणाऱ्या लोखंडी दांड्यानं ओढायची, त्याला तिकडं फ्लॅट टोइंग म्हणतात. दुसरा, पुढची दोन चाकं डॉली नावाच्या दोन चाकी गाड्यावर चढवायची आणि मागची दोन रस्त्यावर. तिसरा, अख्खी कार ट्रेलरवर चढवायची. ट्रेलरवर कुठलीही कार चालते, पण तो रिकामा ट्रेलर कँपग्राउंडवर ठेवायचा कुठं हा प्रश्न रोजचा, आणि वजन वाढतंय ते वेगळंच. म्हणून बहुतेकांना पहिलाच प्रकार पाहिजे असतो, आणि सगळी गंमत तिथंच आहे, कारण चारही चाकं खाली ठेवून ओढता येतील अशा गाड्या कमी आहेत आणि शोरूममधला सेल्समन "हो हो चालतंय की" म्हणून मोकळा होतो.

आता हे का, ते नीट समजून घ्या, मग कुठलंही मॉडेल समोर आलं तरी कुणाला विचारायला लागणार नाही. बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. कार मागं बांधली, इंजिन बंद, गिअर न्यूट्रलला टाकला, आणि आपल्याला वाटतंय की सुटली गाडी. सुटली खरी, पण इंजिनापासून सुटली, चाकांपासून नाही. चाकं फिरली की आउटपुट शाफ्ट, म्हणजे बॉक्समधून चाकांकडं जाणारा दांडा फिरतो, त्याच्याबरोबर आतले गिअर आणि क्लचचे काही भाग फिरतात, आणि पंप बंद असल्यामुळं वर तेल काही येत नाही. बरेच मैल असं कोरडं फिरलं की बॉक्स गेला. डिपस्टिक काढून बोटाला तेल लावलं तर लाल रंग जाऊन काळपट झालेलं असतंय आणि करपल्याचा वास येतो, तो वास एकदा नाकात बसला की विसरत नाही माणूस. सीव्हीटीचंही, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकचंही तसंच, बहुतेक सीव्हीटीला कंपनी सरळ नाही म्हणते.

मग मॅन्युअल गिअरची घ्या, विषय संपला, असं कुणी म्हणेल. तसं पण नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मॅन्युअल गाडीत चाकं फिरली की खालचा मोठा डिफरन्शियल गिअर फिरतो आणि तोच तेल उडवत राहतो, म्हणून त्यातल्या बऱ्याच गाड्यांना चालतंय. पण मागच्या चाकांवर चालणाऱ्या मॅन्युअलमध्ये न्यूट्रलला लेशाफ्ट, म्हणजे तेलात बुडालेला खालचा दांडा फिरतच नाही, तेल खाली निवांत पडलेलं आणि वरचा मेनशाफ्ट कोरडा फिरतोय. ज्यांनी शॉपवर कधी गिअरबॉक्स उघडा बघितलाय त्यांना हे लगेच पटेल. त्यामुळं मॅन्युअल आहे एवढ्यावर सही करू नका. शिवाय आपल्याकडं गल्लीत उभ्या असलेल्या गाड्यांत हातानं गिअर टाकायच्या ढीगभर सापडतात, अमेरिकेत नवीन गाडीत मॅन्युअल शोधायला लागते.

तिसरी जात म्हणजे खरी फोर बाय फोर, जिच्या ट्रान्सफर केसला, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीला, स्वतःचा न्यूट्रल आहे. यात पुढं-मागं चाकांकडं जाणारे दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट गिअरबॉक्सपासून तुटतात, चाकं फिरली तरी बॉक्सला पत्ता नसतो. तिकडं मोटरहोमच्या मागं जीप रँग्लर एवढ्या दिसतात त्या याच कारणानं. त्यात ट्रान्सफर केस न्यूट्रलला आणि गिअरबॉक्स मात्र ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये, मॅन्युअल असेल तर गिअरमध्ये ठेवायचा, म्हणजे आपण समजतो त्याच्या बरोब्बर उलटं. ग्रँड चेरोकीचं बघा, एकाच नावाची गाडी, पण दोन स्पीडची ट्रान्सफर केस असलेली असेल तर ओढता येते आणि एक स्पीडची असेल तर नाही. बाहेरून दोन्ही सारख्याच चकाचक. वर्षानंही फरक पडतो. होंडा सीआर-व्ही ऑटोमॅटिक असूनही २०१४ च्या मॉडेलपर्यंत चार चाकं खाली ठेवून नेता यायची, लोक डोळे झाकून घ्यायचे, २०१५ ला सीव्हीटी आली आणि ते बंद. अजूनही कुणीतरी काका "सीआर-व्ही घे, बेस्ट आहे" असं ठोकून देतात, ते जुन्या गाडीबद्दल बोलत असतात.

इलेक्ट्रिक गाडी तर बहुतेक सोडूनच द्या. चाकं फिरली की मोटर फिरते आणि वीज तयार करायला लागते, टेस्लाच्या मॅन्युअलमध्ये गाडी चाकांवर ओढू नका, चारही चाकं उचलूनच न्या असं आहे. प्रियससारख्या हायब्रिडमध्येही मोटर चाकांना कायमची जोडलेली असते, तिला पण नाही. आणि ऑल व्हील ड्राइव्हवाल्यांनी डॉलीचा नाद करू नका, कारण पुढची चाकं उचलली तरी मागची फिरतात आणि ती आतून पुढच्यांना जोडलेली असतात. डॉली ही फ्रंट व्हील ड्राइव्हसाठी.

भाच्यानं मागं एकदा जाहिरातीचा फोटो पाठवला. छोटी एसयूव्ही, कमी चाललेली, किंमत पण बरी.
"मामा, घेऊ का?"
"मॅन्युअल बघितलंस का?"
"अहो ऑटोमॅटिक आहे ती."
"अरे बाळा, पुस्तक म्हणतोय मी पुस्तक! ग्लव्ह बॉक्समधलं."
मग त्यानं पुस्तक उघडून एक पान पाठवलं, त्यात लिहिलेलं की एवढ्या वेगानं एवढ्या अंतरापर्यंत ओढता येईल. पोरगं खूश. पण ते पान होतं गाडी बंद पडल्यावर गॅरेजपर्यंत न्यायचं. आपल्याला पाहिजे ते प्रकरण वेगळं असतंय, त्याचं नाव बहुतेक वेळा रिक्रिएशनल टोइंग असं असतं, आणि तिथं एक तर "या गाडीला चालणार नाही" असं स्वच्छ लिहिलेलं असतंय किंवा पायरीपायरीनं काय करायचं ते दिलेलं असतंय. दुसऱ्या पानावरून अंदाज काढायचा नाही. मॅन्युअल त्याच वर्षाचं, त्याच इंजिन-गिअरबॉक्सचं पाहिजे, कंपनीच्या साइटवर पीडीएफ फुकट मिळते. तिथं वेगाची मर्यादा असेल, दर काही तासांनी थांबून इंजिन चालू करून गिअर फिरवायला सांगितलं असेल, एखादा फ्यूज काढायला सांगितला असेल, तर ते सगळं पाळायला लागतंय. आणि भाऊ, रोज सकाळी गुडघे टेकून फ्यूज काढायला जमणार आहे का हे स्वतःला विचारा, कारण पुस्तकात चालते म्हणून घेतलेली गाडी त्या कटकटीपायी चार महिन्यांत विकणारे पण आहेत.

गिअरबॉक्स पास झाला की वजन. इथं बहुतेकांचा हिशेब चुकतो, कारण मोटरहोमच्या मागच्या हूकवर ५,००० पौंड लिहिलेलं वाचलं की लोक ५,००० पौंडांची गाडी, म्हणजे साधारण २,२७० किलोची, शोधायला लागतात. हूकचा आकडा म्हणजे फक्त हूक तुटणार नाही एवढंच. मोटरहोमच्या पाटीवर आणखी दोन आकडे असतात, एक भरलेल्या मोटरहोमचं जास्तीत जास्त वजन आणि दुसरा मोटरहोम अधिक मागची गाडी अशा जोडीचं जास्तीत जास्त वजन. समजा पहिला २२,००० आणि दुसरा २६,०००. मोटरहोम गच्च भरलेली असेल तर मागं उरले ४,०००, हूक काहीही म्हणू दे. टो-बारचं स्वतःचं वजन पण त्यातच. जो आकडा सगळ्यात छोटा निघेल तोच आपला.

आणि भरलेल्या मोटरहोमचं वजन खरंच किती हे कागदावर बघून कळत नाही. अमेरिकन गॅलनभर पाणी ८.३ पौंडांच्या आसपास, म्हणजे १०० गॅलनची टाकी भरली की ८३० पौंड तिथंच गेले, वर आईनं नेलेली चटणी, पापड, कुकर आणि तांदळाची पोती. त्यामुळं सगळी माणसं आत बसवून, टाक्या भरून ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर गाडी चढवा. तिकडं कॅट स्केल म्हणून काटे जागोजाग आहेत, थोड्या डॉलरमध्ये प्रत्येक अॅक्सलचं वेगळं वजन छापून देतात. आपल्याकडं कारखान्यावर उसाची ट्रॉली भरलेली आणि रिकामी दोन्ही वेळा काट्यावर चढते की नाही, तेवढीच शिस्त इथं पाहिजे.

याच हिशेबात डॉली आणि ट्रेलरचं पण बघा. यू-हॉलची भाड्याची डॉली रिकामीच ७५० पौंडांची, आणि चार चाकं चढवायचा त्यांचा ट्रेलर २,२०० पौंडांच्या आसपास. ३,००० पौंडांची साधी कार त्या ट्रेलरवर घातली की ५,२०० झाले, ५,००० च्या हूकवर बसतच नाही. दोन दारांची रँग्लर ४,००० पौंडांच्या आगेमागे, चार दारांची त्याहून जड. गॅसोलिनवर, म्हणजे पेट्रोलवर चालणाऱ्या मोटरहोमला रँग्लर जड पडत असेल तर हलकी मॅन्युअल गाडी शोधा. हातानं गिअर टाकायची होंडा फिट, म्हणजे आपली जॅझ, लोक त्यासाठी लावत आलेत, आता तिकडं नवीन मिळत नाही पण जुन्या आहेत. डिझेल पुशर, म्हणजे मागं इंजिन असलेली मोठी बस, असेल तर सहसा १०,००० पौंड किंवा वर ओढायची ताकद असते, त्यांना काळजी कमी.

ब्रेकबद्दल कोल्हापूरकरांना सांगायची गरज नाही खरं. डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर उतारावर ट्रॉलीच्या ढकलण्यानं कसा तिरका होतो ते आपण दर सीझनला बघतो. तसंच इथं. चार हजार पौंड मागून ढकलत असतील तर मोटरहोमचे ब्रेक एकटे किती ओढणार? तिकडं बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांच्या वर ओढत असाल तर मागच्याला स्वतंत्र ब्रेक लागतो, राज्याराज्यांत आकडा बदलतो, पण कायदा काहीही असू दे, ब्रेक लावाच. दोन प्रकार मिळतात. एक पेटी असते, ड्रायव्हर सीटसमोर ठेवायची आणि ती स्वतःच पेडल दाबते, एका गाडीतून दुसरीत हलवता येते. दुसरी कायमची बसवलेली. पेटी बसवताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, मागच्या गाडीचं इंजिन बंद असतंय त्यामुळं पेडल हलकं करणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखं होतंय, म्हणून पेटीचा जोर सेट करायच्या आधी पेडल चार-पाच वेळा दाबून व्हॅक्यूम काढून टाका, नाहीतर पहिल्या ब्रेकला मागची चाकं धूर काढतील. सोबत ब्रेकअवे केबल पाहिजे, गाडी सुटलीच तर ती पिन ओढली जाते आणि मागची गाडी आपली आपण ब्रेक लावते. सेफ्टी केबल दोन असतात, त्या टो-बारखालून एकमेकींना क्रॉस करून लावायच्या, सरळ नाही.

गाडी घ्यायच्या आधीच बेस प्लेट मिळते का बघा. बेस प्लेट म्हणजे कारच्या पुढच्या चेसीला बोल्टनं बसणारा लोखंडी भाग, त्यालाच टो-बार जोडतात, आणि ती प्रत्येक मॉडेलची, कधी कधी प्रत्येक वर्षाची वेगळी असते. बसवायला बंपर उतरवायला लागतो. बार, प्लेट, वायरिंग, ब्रेक असं सगळं मिळून खर्च हजारो डॉलरांत जातो, तेव्हा कार स्वस्तात मिळाली म्हणून उड्या मारण्याआधी हा खर्च त्यात मिळवा. उद्यमनगरातला माणूस म्हणेल दे की पोरा, मी वेल्ड मारून देतो. नको. तिथं टेस्ट झालेली प्लेटच घ्या, बोल्ट टॉर्क रेंचनं आवळा आणि पहिल्या प्रवासानंतर पुन्हा एकदा रेंच लावून बघा. बार जोडल्यावर तो जमिनीला जवळपास समांतर पाहिजे, तीन-चार इंचांच्या वर फरक असेल तर मध्ये खाली-वर करणारा अॅडॉप्टर लावायला लागतो.

बाकी बारकं-सारकं. स्टिअरिंग लॉक सुटलेलं पाहिजे, कारण वळताना पुढची चाकं स्वतःच फिरतात. चावीच्या गाडीत त्यासाठी अॅक्सेसरीला ठेवतात, बटणच्या गाडीत काय करायचं ते पुस्तकात. अॅक्सेसरीला दिवसभर राहिली की बॅटरी बसते, म्हणून मोटरहोममधून एक चार्जिंगची वायर ओढून घ्या. मागचे लाइट मोटरहोमच्या इंडिकेटरबरोबर पेटले पाहिजेत, त्यासाठी टेललॅम्पमध्ये वेगळे बल्ब टाकलेलं मला जास्त आवडतं, कारची मूळ वायरिंग कापायला लागत नाही. हँडब्रेक सोडला का, हे दोघांनी बघायचं, एकानं नाही.

जुनी घेताना एक खूण सांगतो. वाकून बंपरखाली बघा, बेस प्लेटची भोकं किंवा कापलेलं जाळीदार प्लॅस्टिक दिसलं तर ती गाडी आधी कुणाच्या तरी मागं फिरलीय. बऱ्याच गाड्यांत ओढताना मीटर पडत नाही, म्हणजे मीटर ४०,००० मैल दाखवतोय पण टायर, बेअरिंग आणि सस्पेन्शन त्याच्या कितीतरी पुढं गेलेलं असू शकतंय. नाकावर दगडाच्या टिकल्या खूप असतील, टायर आतून खाल्लेले असतील, तर चाक जॅकवर घेऊन हातानं फिरवा, घर्रर्र आवाज आला की भाव पाडा. तसं बघितलं तर अशी गाडी वाईटच असते असं नाही, ती ओढता येते हे आधीच सिद्ध झालेलं असतंय आणि कधी कधी मालक टो-बारसकट देतो, तो सौदा चांगला.

चालवताना सगळ्यात मोठा नियम म्हणजे रिव्हर्स नाही. चार चाकं खाली असताना मागं घेतली की कारची पुढची चाकं एका बाजूला पूर्ण वळून बसतात आणि टो-बार वाकतो. पेट्रोल पंपावर, मॉलच्या पार्किंगमध्ये शिरताना आधी बाहेर पडायची वाट बघायची, नसेल तर रस्त्यावरच थांबून कार सोडवायची. आणि कॅलिफोर्नियात मागं काहीही ओढत असाल तर वेगमर्यादा ५५ मैल, म्हणजे ताशी ८८ किलोमीटर, कार ७० नं जायच्या लायकीची आहे का नाही याच्याशी पोलिसाला देणंघेणं नाही. भाड्यानं मोटरहोम घेणार असाल तर करारात मागं काही जोडायला परवानगी आहे का ते आधी वाचा, बहुतेक ठिकाणी नसते, मग हा सगळा लेख तुमच्यासाठी नाही, तिथं पोचून छोटी कार भाड्यानं घ्या. इथून जाणाऱ्या आई-बाबांना मागची कार चालवायची असेल तर आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून न्या, ते वर्षभराचं असतं, आणि आपलं मूळ लायसन्स पण सोबत ठेवा.

आता इथल्यांचा प्रश्न, कारण हे वाचून कुणीतरी विचारणारच की आपली कँपर व्हॅन आहे, मागं अल्टो बांधून मालवणला जाऊ का? नाही. आपल्याकडच्या १९८९ च्या रस्ता नियमांत बंद पडलेली गाडी, अर्धवट जोडणीची गाडी, नोंदणी केलेला ट्रेलर किंवा साइडकार एवढंच ओढायची मुभा होती, तीही मागच्या, ओढल्या जाणाऱ्या गाडीत लायसन्सवाला माणूस बसवून किंवा तिची पुढची चाकं उचलून, आणि ट्रेलर-साइडकार सोडून बाकीचं ताशी २४ किलोमीटरच्या आत. २०१७ ला नवे नियम आले तरी धडधाकट कार हौसेनं ओढत न्यायची सोय काही झालेली नाही. आणि सोय असती तरी करूळ घाटात नाहीतर भुईबावड्यात समोरून एसटी आली की मागं घ्यायला लागतंय, तेव्हा काय करणार? आपल्याकडं सरळ उपाय म्हणजे मेव्हण्याला दुसरी गाडी चालवत मागनं यायला सांगायचं. नाहीतर व्हॅनच्या मागं रॅक लावून एक स्कूटी न्यायची, फक्त नंबर प्लेट आणि टेललाइट झाकले जाता कामा नयेत, आणि रॅकचं सगळं वजन मागच्या अॅक्सलवर येतंय म्हणून शिरोलीच्या एखाद्या वजनकाट्यावर एकदा मागची चाकं तेवढी चढवून आकडा बघून घ्या.